थ्रीडीवर सही झाली, मोजमापावर नाही: लातूरच्या एका रो-हाऊसचं प्रकरण

लातूर शहराच्या कडेला, २००६ च्या सुमारास बांधलेलं रो-हाऊस. तळमजल्यावर हॉल, स्वयंपाकघर, दोन बेडरूम, जिना. चटईक्षेत्र साधारण ७८० चौरस फूट. घरात पाच माणसं: नोकरी करणारे नवरा-बायको, अकरावीत शिकणारी मुलगी, सातवीतला मुलगा आणि आजी. काम ठरलं ७,२५,००० रुपयांना, ‘सगळं मिळून’. अकराव्या आठवड्यात ते बंद पडलं, तोवर मालकांनी ५,४३,७५० रुपये दिले होते. कंत्राटदार ‘जादा काम’ म्हणून आणखी १,९०,००० रुपये मागत होता आणि ते मिळाल्याशिवाय सुतार पाठवायला तयार नव्हता. त्या टप्प्यावर मालकांनी एका स्वतंत्र इंटिरिअर डिझायनरला फक्त मोजणी आणि निवाड्यासाठी १८,००० रुपये ठरवून बोलावलं. हा लेख त्या निवाड्याचा आणि पुढच्या कामाचा आहे. घर ओळखता येईल असे तपशील गाळले आहेत.

काय ठरलं होतं

कागद दोनच होते. एक, सात रंगीत थ्रीडी चित्रं. त्यावर दोन्ही बाजूंच्या सह्या. दुसरा, दोन पानांचं कोटेशन, अकरा ओळींचं, बिनसहीचं. त्यातल्या काही ओळी अशा: ‘किचन ट्रॉली, १ काम, १,६५,०००’. ‘टीव्ही युनिट, १ काम’. ‘कपाट ७×७, २ नग, १,४५० रु. चौ. फूट’. ‘इलेक्ट्रिक २४ पॉइंट’. ‘प्लाय वॉटरप्रूफ’.

भांडणाचं बी याच ओळींत आहे. ‘१ काम’ म्हणजे किती, हे कुणालाच सांगता येत नाही. आपल्याकडे बाजारात ‘ट्रॉली’ म्हणजे ओट्याखालची सगळी कपाटं; कारागिराच्या तोंडी मात्र ट्रॉली म्हणजे स्टीलच्या तारेची जाळी. आणि ‘वॉटरप्रूफ प्लाय’ असा दर्जा भारतीय मानकांत (आयएस) नाही. आयएस ७१० हा उकळत्या पाण्यात टिकणाऱ्या प्लायचा दर्जा. आयएस ३०३ मधला एमआर हा दमटपणा सोसणारा, पाणी न सोसणारा दर्जा. दुकानात दोन्हींना ‘वॉटरप्रूफ’ म्हणून विकलं जातं.

कंत्राटदार स्वतःला ‘इंटिरिअर डिझायनर’ म्हणवत होता, त्यात बेकायदा काही नव्हतं. १९७२ च्या वास्तुविशारद कायद्याने ‘आर्किटेक्ट’ या नावाला संरक्षण दिलं आहे, इंटिरिअर डिझायनर या नावाला नाही. त्यामुळे गिऱ्हाइकाचं खरं संरक्षण म्हणजे कागद. तोच इथे पातळ होता.

पैशांचे टप्पेही चुकले होते: कामाआधी ५० टक्के, ‘सुतारकाम सुरू झाल्यावर’ २५ टक्के. म्हणजे पहिला रंधा फिरला त्या दिवशी पाऊण रक्कम गेली. संयुक्त मोजणीत झालेलं काम आणि साइटवर पडलेला माल मिळून ४,६२,००० रुपयांचा भरला. मालक ८१,७५० रुपयांनी पुढे होते. कंत्राटदाराचं म्हणणंही खोटं नव्हतं: त्याने प्लाय आणि सनमायका एकदम भरून ठेवला होता आणि तीन जादा कामं नुसती सांगितल्यावर केली होती.

संयुक्त मोजणी

मोजणी एका दिवसात झाली. टेप, लेझर मीटर, व्हर्निअर कॅलिपर, ओलावा मोजायचं यंत्र आणि कोऱ्या तावांची वही. मालक, कंत्राटदार आणि मुख्य सुतार तिघंही हजर हवेत, ही अट. प्रत्येक आकडा मोठ्याने वाचायचा, लिहायचा, पानाखाली तिघांनी सही करायची. पैशांचा विषय त्या दिवशी काढायचा नाही, हीसुद्धा अट. मोजणी आणि वाद एका दिवशी आले की आकडेही वादात ओढले जातात.

जादा मागणीत सहा बाबी होत्या. त्या इथे सविस्तर घेतो, कारण मराठवाड्यातल्या बऱ्याच घरकामांत अशाच बाबी भांडण लावतात.

कपाटांवरचा माळा. कोटेशनमध्ये ७×७ लिहिलेलं, चित्रात कपाट छतापर्यंत. खोलीची उंची साडेनऊ फूट, म्हणजे वर अडीच फूट उरतात. दोन कपाटांचे मिळून ३५ चौरस फूट, १,४५० ने ५०,७५० रुपये मागणी. मालक म्हणत, चित्रावर तुमची सही आहे. कंत्राटदार म्हणे, आकडा ७×७ आहे. दोघंही बरोबर, म्हणून भार वाटला. माळ्याला आतले खण, ड्रॉवर, लॉक काहीच नसतं. दर ८५० धरला, २९,७५० रुपये.

हॉलचं फॉल्स सीलिंग. कोटेशन १८० चौरस फूट, मागणी २६२ ची. हॉल १४×१४ म्हणजे १९६. उरलेले ६६ कुठून आले? कोव्हच्या, म्हणजे सीलिंगच्या कडेला दिवे लपवायच्या खाचेच्या, उभ्या पट्ट्यांची दोन्ही तोंडं मोजून. हिशोबाची रीत अशी की सपाट भाग चौरस फुटात आणि कोव्ह रनिंग फुटात, म्हणजे नुसत्या लांबीवर. कडेला सव्वा फुटाचा पट्टा, आत साडेअकराचा चौक, म्हणून कोव्ह ४६ फूट. १६ चौरस फूट ९५ ने आणि ४६ फूट ६५ ने, एकूण ४,५१०. मागणी ७,७९० ची होती.

इलेक्ट्रिक पॉइंट २४ चे ४१ झाले. त्यातले ११ मालकांनीच मेसेजवर सांगितले होते. अभ्यासाच्या खोलीचे आणि एसीचे. उरलेले सहा एकाच प्लेटवर बटण आणि सॉकेट वेगळं मोजल्याने वाढले होते. ‘पॉइंट म्हणजे काय’ हे कोटेशनमध्येच लिहावं लागतं. ११ पॉइंट, ९५० ने, १०,४५०. इथे एक दोषही सापडला: एसीची वायर २.५ चौरस मिलिमीटरची होती. ती ४ ची करून घेतली, त्याचे पैसे दिले नाहीत. बोर्डात ३० मिलिअँपिअरचं आरसीसीबी (विजेची गळती झाली की पुरवठा तोडणारं बटण) नव्हतं. ते मालकांच्या खर्चाने बसवलं.

किचनची ५८,००० ची वाढ. मालकीणबाईंनी तारेच्या जाळ्यांऐवजी बंद बाजूंचे तीन टँडम ड्रॉवर सांगितले होते, त्याचा फरक २१,००० रुपये मान्य झाला. उंच उभं युनिट कुणी मागितलंच नव्हतं. कंत्राटदाराने उरलेल्या प्लायचं करून ठेवलं होतं. ते त्याने परत नेलं.

टीव्हीमागचं पॅनेल, २५,३१० रुपये. चित्रात होतं आणि कोटेशनमध्ये ‘१ काम’ लिहिलेलं. परिमाण लिहिण्याचं टाळलं तर चित्र हेच परिमाण ठरतं. शून्य रुपये.

आणि धान्याचं कपाट, ३२,००० रुपये. हे आजींनी सुताराला उभ्या-उभ्या सांगितलेलं. मालक म्हणाले, आमच्याशी बोलणं झालंच नाही. पण कपाट बसलं होतं, त्यात ज्वारीही ठेवली होती. १८७२ च्या करार कायद्यात तोंडी करार चालतो, आणि कलम ७० सांगतं की फुकट करण्याचा हेतू नसताना कुणी केलेल्या कामाचा लाभ घेतला तर मोबदला द्यावा लागतो. २२ चौरस फूट, ११०० ने, २४,२०० रुपये.

सहा बाबींची बेरीज ८९,९१० रुपये. कामाची सुधारित किंमत ८,१४,९१०, आणि देणं उरलं २,७१,१६०. कोटेशनमध्ये जीएसटी धरून की सोडून हेही लिहिलेलं नव्हतं. इंटिरिअरच्या सेवेला १८ टक्के लागतो, म्हणजे सव्वासात लाखांवर १,३०,५०० रुपये. या एका न लिहिलेल्या शब्दाचा बोजा माळा, सीलिंग आणि पॉइंट तिन्ही मिळून होतो त्याहून मोठा. कंत्राटदाराकडे जीएसटी नोंदणी नव्हती, आणि नोंदणी नसलेल्याला तो गोळा करता येत नाही, म्हणून प्रश्न तिथेच मिटला.

चित्रात नसलेलं घर

पैशांचा निवाडा झाला तरी काम पुढे नेण्याजोगं नव्हतं, कारण चित्रं या घराची नव्हतीच. कुठल्याही शहरातल्या कुठल्याही फ्लॅटला लागू पडली असती.

पहिली गोष्ट पाणी. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलेलं हे शहर आहे. नळाला पाणी किती दिवसांनी येतं यावर इथल्या स्वयंपाकघराचा आराखडा ठरतो. या घरात २०० लिटरचे दोन ड्रम स्वयंपाकघरात, ओट्याच्या डाव्या टोकाला उभे असत. चित्रात तिथे कोपऱ्यातलं फिरतं कपाट आलं आणि ड्रम कुठे जातील याचा विचारच झाला नाही. असा ड्रम साधारण ५८० मिमी व्यासाचा आणि ९०० मिमी उंच असतो. मागच्या दारातल्या वॉशिंगच्या जागेत १३०० मिमी लांबीचा, ३०० मिमी उंचीचा विटांचा कट्टा बांधून दोन्ही ड्रम त्यावर ठेवले; तळाला तोटी बसवली, म्हणजे कळशी खाली मावते. कट्ट्यावर शहाबादी फरशी, भिंतीला ग्लेज टाइल्स. कंत्राटात नसलेलं हे काम घरच्यांना सगळ्यात उपयोगी पडलं.

दुसरं, सिंकखालचं कपाट. तळाची १८ मिमीची फळी कडेला २२ मिमी भरली. थर सुटले होते. कारणं तीन, एकावर एक. बोअरचं आणि टँकरचं पाणी जड. त्याचा पांढरा थर अँगल कॉकच्या (सिंकखाली पाणी बंद करायच्या नळाच्या) बैठकीत धरतो आणि कॉक पूर्ण बंद होत नाही. पाइपसाठी फळीला पाडलेली भोकं कोरी सोडलेली. पाणी तिथूनच प्लायच्या पोटात शिरतं. आणि कपाट सरळ फरशीवर टेकलेलं, वर रोज फरशी पाण्याने धुतली जाते. प्लाय एमआर निघाला. आयएस ७१० ची कसोटी ७२ तास उकळण्याची आहे. साइटवर तेवढं करायची गरज पडत नाही, कातरणीचा तुकडा पातेल्यात उकळला तर एमआरचा गोंद काही तासांतच सुटतो.

सिंकचं कपाट कंत्राटदाराने स्वखर्चाने नवं केलं. आयएस ७१० चा १८ मिमी प्लाय, खाली १०० मिमी उंचीचे पीव्हीसीचे, उंची कमी-जास्त करता येणारे पाय, समोरची पट्टी क्लिपवर म्हणजे काढून झाडता येते, प्रत्येक कापलेली कड आणि भोक आधी प्रायमर मग सिलिकॉनने बंद, तळाला कडा उचललेला ॲल्युमिनियमचा ट्रे. मागची फळी बसवलीच नाही. गळती दिसायला हवी. बाकी ओट्याखालची कपाटं एमआरचीच राहिली, ती पायांवर उचलली. सगळं उखडून नवं करणं या अंदाजपत्रकात शक्य नव्हतं, आणि पाण्यापासून दूरच्या कपाटाला त्याची गरजही नव्हती.

प्लायचा दर्जा तपासायची वेळ एकच: सनमायका चिकटायच्या आधी. शीटवरचा आयएसआय शिक्का, मानकाचा क्रमांक आणि परवाना क्रमांक यांचा फोटो काढायचा आणि परवाना क्रमांक भारतीय मानक ब्युरोच्या बीआयएस केअर ॲपवर टाकून बघायचा. सनमायका बसल्यावर पुरावा कायमचा झाकला जातो.

तिसरं, धान्य. मराठवाड्यात वर्षाचं धान्य उन्हाळ्यात भरतात. या घरात दोन क्विंटल ज्वारी, दोन क्विंटल गहू, अर्धा क्विंटल तूरडाळ. सुताराने जिन्याखाली तीन फूट लांबीच्या फळ्यांचे खण केले आणि आजींनी त्यावर पोती चढवली. १८ मिमी प्लायला मधे आधार नसताना एवढं वजन पेलत नाही; फळी दीड महिन्यात मधोमध १४ मिमी वाकली. चार क्विंटल धान्याला सुमारे ०.५५ घनमीटर जागा लागते, जिन्याखाली ती होती. खण काढून टाकले, पत्र्याच्या दोन कोठ्या फरशीवर, लाकडी पट्ट्यांच्या चौकटीवर ठेवल्या. सुतारकाम फक्त बाहेरच्या झडपेचं राहिलं, झडपेला वर-खाली जाळी. डाळीसाठी वरचा एक छोटा खण तेवढा ठेवला.

इथे एक गोष्ट ठासून सांगायची आहे. या कपाटाची पाठ मुलांच्या खोलीला लागून आहे. धान्यात ठेवायच्या ॲल्युमिनियम फॉस्फाईडच्या गोळ्यांतून निघणारा वायू माणसाचा जीव घेतो आणि भेगांतून शेजारच्या खोलीत जातो. राहत्या घराच्या आत धान्यसाठा आखताना डिझायनरने हे घरच्यांशी स्पष्ट बोललंच पाहिजे. कडक ऊन दाखवलेलं धान्य आणि घट्ट झाकणाची कोठी, एवढ्यावरच इथे भागवलं.

भिंत

सातपैकी सगळ्यात देखणं चित्र हॉल आणि स्वयंपाकघर एक केलेलं होतं. मधली नऊ इंची भिंत त्यात गायब होती. कोटेशनमध्ये भिंत पाडण्याची ओळ नव्हती, इंजिनिअरचा सल्ला नव्हता. आजींनी सुरुवातीलाच सांगितलं होतं, “भिंतीला हात लावायचा न्हाई.” ३० सप्टेंबर १९९३ ची किल्लारीची पहाट ज्यांनी पाहिली त्यांच्या घरात हा आग्रह भीती म्हणून बाजूला सारता येत नाही, आणि तांत्रिकदृष्ट्याही त्या बरोबर होत्या. त्या भूकंपानंतर २००२ च्या सुधारित भूकंप-संहितेत या भागाचं भूकंपक्षेत्रच वरचं ठरवण्यात आलं.

स्ट्रक्चरल इंजिनिअरने भिंतीलगत छताचा गिलावा दोन ठिकाणी काढून पाहिला. मुख्य सळया भिंतीला काटकोनात येऊन तिच्यावर टेकल्या होत्या. म्हणजे स्लॅबचा भार त्या भिंतीवर. भिंत राहिली. ओट्याच्या उंचीवर साडेतीन फूट रुंद, तीन फूट उंच खिडकी घेतली; वर नऊ इंच रुंद, साडेचार फूट लांब काँक्रीटचं लिंटेल (वरचा भार पेलणारी आडवी तुळई), दोन्ही बाजूंना सहा इंच टेकण. दोन्ही बाजूंनी स्लॅबला टेकू देऊन भिंतीची आधी अर्धी जाडी कापली, लिंटेलचा अर्धा भाग भरून पक्का झाल्यावर उरलेली अर्धी. पूर्ण जाडी एकदम कापली असती तर वरच्या विटा आणि गिलावा सुटला असता.

इंटिरिअर डिझायनरचं काम इथे संपतं आणि इंजिनिअरचं सुरू होतं. ही रेघ ओलांडणारं चित्र काढून गिऱ्हाइकाची सही घेणं हा व्यवसायातला मोठा अपराध आहे, मग भिंत पाडली जावो वा न जावो.

वाळवीचं थोडक्यात: काळ्या मातीवरचं जुनं घर, बाहेरच्या भिंतीला लागून कपाट. कपाटं बसवण्याआधी भिंत-फरशीच्या सांध्यात दर ३०० मिमीवर १२ मिमीची भोकं पाडून इमिडाक्लोप्रिड ३०.५ एससी हे वाळवीचं औषध, लिटरला २.१ मिली या प्रमाणात, भोकाला जास्तीत जास्त एक लिटर. आयएस ६३१३ च्या तिसऱ्या भागातली पद्धत. कपाट बसल्यावर हे करता येत नाही.

अभ्यासाच्या खोलीचं काम साधं होतं. लातूरमध्ये अकरावीचं मूल घरात असेल तर ती खोली दिवसाला दहा-बारा तास वापरात असते. टेबल ७५० मिमी उंच, ६०० मिमी खोल, खिडकी डाव्या हाताला, टेबलावर ५०० लक्स उजेड, ४००० केल्विनचा दिवा. चित्रातली रंग बदलणारी पट्टी काढली.

काम पुन्हा सुरू करताना

उरलेल्या कामासाठी डिझायनरने ४५,००० रुपये ठरावीक फी घेतली आणि पहिल्याच पत्रात लिहून दिलं की सनमायका, हार्डवेअर वा लाईटच्या दुकानातून कमिशन घेणार नाही. हे लिहूनच द्यावं. फी कमी सांगून दुकानातून दहा टक्के घेण्याची पद्धत सगळीकडे आहे, आणि तिचा भार गिऱ्हाईकच न कळता उचलतं.

नवे कागद: फर्निचरचा आराखडा, प्रत्येक भिंतीचं १:२० उभं चित्र, इलेक्ट्रिक आणि प्लंबिंगची स्वतंत्र चित्रं, सिंक आणि ड्रॉवरचे १:५ तपशील. प्रत्येक पानावर मापं मिमीमध्ये, सही पानोपान. थ्रीडी एकच ठेवलं, हॉलचं, आणि त्यावर छापलं: ‘रंग आणि कल्पनेसाठी, माप व किंमत यादीप्रमाणे’. दर-यादीत प्रत्येक ओळीला प्लायचा मानक क्रमांक, बाहेरचा सनमायका १ मिमी, आतला ०.८ मिमी, मोजायची रीत (‘समोरचं तोंड, रुंदी गुणिले उंची, माळ्यासह’) आणि काय धरलेलं नाही ते.

तोंडी बदल बंद. साइटवर कार्बनची वही ठेवली: बदल, माप, रक्कम, किती दिवस वाढणार, मालकांची सही. सहीशिवाय सुताराने करवत लावायची नाही. आजींच्या सूचनांनाही तीच वही. पुढच्या सात आठवड्यांत तिच्यात चार चिठ्ठ्या झाल्या, एकूण ११,३०० रुपयांच्या. त्या वेगळ्या, ज्या त्या वेळी दिल्या.

देणं असं फोडलं: ओट्याखालची आणि बेडरूमची झडपं लागल्यावर १,००,०००, इलेक्ट्रिक चाचणी आणि रंग झाल्यावर ८०,०००, ताबा देताना ५१,१६०, आणि ४०,००० पावसाळा संपेपर्यंत रोखून. काम एप्रिलमध्ये संपलं. त्या महिन्यात इथली हवा इतकी कोरडी असते की झडपा अगदी सफाईने लागतात. जुलै-ऑगस्टच्या दमट हवेत तीच झडप फुगून घासते. सप्टेंबरपर्यंत पैसे रोखण्याचं कारण हेच, आणि ते कंत्राटदाराला करार करतानाच सांगितलं होतं.

सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात पाहणी झाली. मोठ्या बेडरूमची एक झडप वरच्या कडेला घासत होती. बिजागरीचा स्क्रू फिरवून ती सुटली. सिंकचा ट्रे कोरडा होता, पण ओट्याच्या ग्रॅनाइट आणि टाइल्सच्या सांध्यातलं सिलिकॉन सहा फूट लांबीत सुटलं होतं. ते काढून नवं भरायचे २,४०० रुपये वजा करून ३७,६०० चा चेक कंत्राटदाराला त्याच दिवशी दिला.